मुद्दाम ठेवलेली चूक

शिरूर,
रविवार, १० नोव्हेंबर १९७४

चि. बन्सी यास,
सप्रेम जयभीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे न फोडताच चुलीत घालायचा विचार असेल, तर जरा थांब. आत माझं रडगाणं नाही. आत खो-खो आहे.

झालंय असं की मी पुस्तक लिहिते आहे. हसू नकोस. आठवीच्या मुलींना इतिहास शिकवताना मी सहज विचारलं, तुम्ही रोज जे खेळता त्याचा इतिहास कुणाला ठाऊक आहे का? मागच्या बाकावरून उत्तर आलं, "बाई, खेळाला कुठं इतिहास असतो व्हय? इतिहास राजांला असतो." मला असा राग आला म्हणून सांगू. त्या रागातच दोन प्रकरणं लिहून झाली. पुण्याच्या एका प्रकाशकांना ती आवडली. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी चित्रांसकट छापतो म्हणतात. त्यांची अट एकच, खेळातल्या जाणत्या माणसानं सगळं तपासून द्यायचं. मागे त्यांच्या एका पुस्तकात चित्रकारानं विटी-दांडू खेळणाऱ्या पोराच्या हातात बॅट काढली होती, तेव्हापासून ते धास्तावलेत.

खेळातला जाणता माणूस मला एकच माहीत आहे. तो दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर आहे, सुट्टीच्या दिवशी गावोगावच्या सामन्यांना पंच म्हणून जातो आणि बासष्टच्या जयंतीपासून आपल्या थोरल्या बहिणीशी एक शब्द बोललेला नाही. आताही बोलू नकोस. नुसतं तपास. मला दोन गोष्टी हव्या आहेत, पुस्तक बिनचूक आणि तुझा आवाज. पहिली आधी मिळाली तरी चालेल.

सोबत पहिलं प्रकरण आहे. सुरुवात अशी केली आहे, "खो-खो कुणी शोधून काढला? कुणीच नाही. शिवाशिवी पोरं कधीपासून खेळत आली आहेत. पण शिवाशिवीला शेवट नसतो. दमेपर्यंत पळायचं आणि भांडणं झाली की घरी जायचं. मग साठेक वर्षांपूर्वी पुण्यात डेक्कन जिमखान्यावरची मंडळी एकत्र बसली आणि त्यांनी ठरवलं की मैदान किती लांब, खांब कुठे, वेळ किती. भांडणाची जागा नियमानं घेतली, तेव्हा गल्लीतल्या पळापळीचा खेळ झाला." पुढे खेळायची रीत लिहिली आहे. तुझ्या लोको शेडमधल्या लाल पेन्सिलीनं जे खोडायचं ते खोड.

आई बरी आहे. तुला माहीत आहेच, कारण मंगळवारी तू येऊन गेलास. मी शाळेत असतानाच तुला बरोबर आईची आठवण कशी येते, यावर खरं तर एक वेगळं प्रकरण लिहायला हवं. आई काही बोलली नाही. डब्यातले कमी झालेले शेंगदाण्याचे लाडू बोलले.

तुझी,
आक्का


शिरूर,
रविवार, १ डिसेंबर १९७४

चि. बन्सी,
सप्रेम जयभीम.

प्रकरण परत आलं. पाकिटात ना मायना, ना सही. पण पानावर लाल रंग असा सांडलाय की साहेबरावांनी विचारलं, "हे काय, शाईची दौत फुटली का?" मी म्हटलं, नाही, तुमच्या मेहुण्याचं पत्र आलंय.

तुझं म्हणणं बरोबर आहे. बसलेले आठ गडी एकाच बाजूला तोंड करून बसत नाहीत, एकाआड एक उलट तोंड करून बसतात. दुरुस्त केलं. तू तिथे "चूक" एवढंच लिहून त्याखाली तीन रेघा ओढल्यास. कागद फाटला आहे.

आता क्रिकेट आणि हॉकी पाठवते आहे. क्रिकेटच्या प्रकरणावरून हेडमास्तरांशी माझी जुंपली. मी त्यात पळवणकर बाळूंची गोष्ट घेतली आहे. आपल्या आबांच्या तोंडून आपण ती कितीदा ऐकली. पुण्यात साहेबांच्या क्लबात खेळपट्टी झाडणारा चांभाराचा पोर. साहेब सरावाला आले की हा त्यांना तासन्‌ तास चेंडू टाकायचा, त्याच्या हातात बॅट मात्र कुणी देत नसे. टाकून टाकून त्याचा डावा हात असा तयार झाला की शेवटी हिंदूंच्या संघाला त्याला घ्यावंच लागलं. आणि घेतल्यावर काय? मैदानात सगळे त्याच्या हातचा चेंडू झेलणार, पण चहाच्या वेळी तो बाहेर उभा आणि त्याचा चहा मातीच्या बोळक्यात. एकोणीसशे अकरा साली हाच माणूस इंग्लंडात जाऊन शंभरावर बळी घेऊन आला.

हेडमास्तर म्हणाले, "बाई, सगळं छान आहे, पण ते बोळक्याचं मुलांच्या पुस्तकात कशाला?" मी म्हटलं, सर, मुलांच्याच पुस्तकात. मोठ्यांना सांगून काय उपयोग, बोळकं त्यांनीच तर दिलं होतं. त्यांनी चष्मा पुसला. प्रकरण आहे तसं राहिलं.

हॉकीचं मात्र तू नीट बघ. तुमच्या दौंडात रेल्वेच्या इन्स्टिट्यूटच्या मैदानावर रोज संध्याकाळी हॉकी चालते, आणि एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर साहेब तुला शेडमधून ओढून खेळायला नेतात असं रंगूनं मागे आईला सांगितलं होतं. मला हॉकीतलं काठीपलीकडे काही कळत नाही.

एक विचारायचं राहिलं. मे महिन्यात रेल्वेचा संप चालू होता, तेव्हा मी ज्वारीचं पीठ आणि डाळ घेऊन दौंडाला आले होते. रंगू म्हणाली, "ते घरात न्हाईत, वन्सं." बिचारीला खोटं बोलता येत नाही, तिचे कान लाल होतात. तुझ्या चपला दारातच होत्या, बन्सी. मी पीठ ठेवलं आणि पुढची यष्टी धरली. भाकरी खाल्लीस ना? मग झालं.

तुझी,
आक्का


शिरूर,
रविवार, २२ डिसेंबर १९७४

चि. बन्सी,
सप्रेम जयभीम.

सापडले मी! आणि खरं सांगते, इतका आनंद मला बी.ए. झाल्यावरसुद्धा झाला नव्हता.

हॉकीच्या प्रकरणावर तुझ्या हातचं पहिलं पुरं वाक्य आलं आहे. मी लिहिलं होतं की हॉकीत एका बाजूला बारा गडी असतात. तू बारा खोडून अकरा केलेस आणि समासात लिहिलंस, "एवढंबी तुला येत न्हाई व्हय? मुद्दाम करतीस तू." हे वाक्य मी आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "त्यो लहानपणी बी असाच चिडायचा." मग तिनं ते पुन्हा वाचायला लावलं.

हो, मुद्दाम केलं. खो-खोच्या वेळीही मुद्दामच. गेली वीस वर्षं मी शाळेच्या मैदानावर पोरींना खो-खोला बसवते आहे, मला तोंड कुणीकडे करायचं कळत नाही? पण तुला मी तू रांगत होतास तेव्हापासून ओळखते. तू रागावलास तर उत्तर देणार नाहीस. प्रेमानं लिहिलं तर मुळीच देणार नाहीस. पण कुणी खेळातलं चुकीचं बोललं की तुला गप्प बसवत नाही. जेवता जेवता उठून तू दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन भांडायचास. तेव्हा मी म्हटलं, चला, चुकाच पाठवू.

तू पुढे जे लिहून पाठवलंस ते मात्र मी तसंच्या तसं घेतलं आहे. अठ्ठावीस साली अ‍ॅमस्टरडॅमला आपला संघ पहिल्यांदा ऑलिंपिकला गेला, सोन्याचं पदक घेऊन आला, आणि सगळ्या सामन्यांत मिळून आपल्यावर एकही गोल झाला नाही. आणि त्या संघाचा कप्तान जयपालसिंग हा छोटानागपूरचा आदिवासी. हे मला खरंच माहीत नव्हतं. तू शेवटी लिहिलंस, "हे पोरांला सांगच." सांगितलं.  ज्या पोरीनं इतिहास राजांला असतो म्हटलं होतं, तिनं हळूच विचारलं, "म्हंजी आमच्यासारखाच कुणीतरी व्हता का, बाई?" ती कारेगावची, मेंढपाळ घरातली. रंभा तिचं नाव. तिच्याबद्दल पुढे लिहीन, तिचं एक प्रकरणच आहे.

आता चुका बास. पुढचं प्रकरण हुतूतूचं. ते लिहायला मला वेळ लागेल. का ते तुला माहीत आहे.

तुझी,
आक्का


शिरूर,
रविवार, १२ जानेवारी १९७५

चि. बन्सी,
सप्रेम जयभीम.

हुतूतूचं प्रकरण सोबत आहे. यात एकही चूक मुद्दाम केलेली नाही. असलीच तर ती खरी चूक आहे, खुशाल खोड.

मुलांना मी आधी नावांची गंमत सांगितली आहे. आपल्याकडे हुतूतू, मद्रासकडे चेडुगुडू, बंगालात हाडूडू, उत्तरेत कबड्डी. खेळ एकच. दुसऱ्याच्या अंगणात एकट्यानं जायचं, शिवून परत यायचं, आणि हे सगळं एका दमात. छत्तीस साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची माणसं तिकडे गेली आणि त्यांनी साऱ्या जगाला हा खेळ खेळून दाखवला. ना बॅट, ना काठी, ना चेंडू. स्वातंत्र्यानंतर देशभराचं मंडळ निघालं, तेव्हा सगळ्यांसाठी कबड्डी हे नाव ठरलं.

मग तीन जुन्या तऱ्हा लिहिल्या आहेत. अमर, यात बाद झालेला गडी मैदानातच राहतो, नुसता गुण लागतो. गामिनी, यात बाद झालेला गडी बाहेर बसतो तो बसतोच, सगळा संघ बाद होईपर्यंत त्याला आत घेत नाहीत. आणि संजीवनी, यात आपल्या गड्यानं समोरचा एक मारला की आपला बाहेर बसलेला एक पुन्हा जिवंत होऊन आत येतो. सगळ्या देशानं विचार करून शेवटी संजीवनी पत्करली. तू मात्र घरात अजून गामिनीच खेळतोस.

पुढचं मी प्रकरणातूनच उतरवते, म्हणजे तुला पान उलटून पळता येणार नाही.

"या खेळात सगळं दिसतं, दम मात्र दिसत नाही. तो ऐकावा लागतो. म्हणून कबड्डीचा पंच डोळ्यांइतकाच कानानं काम करतो. भीमेकाठच्या एका गावात १९६२ साली आंबेडकर जयंतीला सामने भरले होते. शेवटचा सामना वरवंडच्या संघाशी होता. गावच्या संघातला सगळ्यात चपळ गडी शेवटची चढाई करून तीन गडी मारून परत येत होता. हलगी वाजत होती, लोक ओरडत होते. पंच सोपानराव लांबच्या कोपऱ्यात अडकले होते. मधल्या रेषेशी गुण लिहायला एक शिक्षिका बसली होती, ती त्या गड्याची बहीण. सोपानरावांनी तिला विचारलं, 'बाई, तुम्ही जवळ हाय. दम व्हता का?' ती म्हणाली, 'तुटला.' ढाल वरवंडला गेली."

एवढंच लिहिलं आहे. पुढचं मुलांसाठी नाही, तुझ्यासाठी आहे.

लोक मला काय काय बोलले ते तुला ठाऊक आहे. सख्ख्या भावाची ढाल घालवली, शिकून शहाणी झाली. शेजारची कुशाबाई तर तोंडावर म्हणाली, "एक शब्द गिळला असता तर काय पोटात दुखलं असतं?" तू काहीच बोलला नाहीस. दुसऱ्या दिवशी ट्रंक उचलून दौंडाला गेलास, तो गेलासच. मी तेव्हा एकदाही म्हटलं नाही की माझं चुकलं, आणि आजही म्हणणार नाही. ज्या खळ्यावर सामना झाला त्याच्या टोकाला खुर्चीवर बाबासाहेबांचा फोटो ठेवला होता, त्याला निळ्या कागदाची माळ होती. त्या फोटोपुढून आपण खोटी ढाल उचलून न्यायची होती का?

आणि तू मला विचारलं नाहीस तरी सांगते, एवढ्या गलक्यात मला कसं ऐकू आलं. अरे, तुला दम धरायला शिकवलं कुणी? आठवं वर्ष लागलं होतं तुला. भीमेच्या डोहात तू बुडी मारायचास, मी काठावर बसून मोठ्यानं आकडे म्हणायची आणि तू वर आलास की श्वास कसा घेतोस ते बघायची. तुझा दम तुटायच्या आधी घशात एक बारीकशी उचकी येते. ती साऱ्या जगात दोघींनाच ऐकू येते, आईला आणि मला. आई त्या दिवशी घरी होती.

वाच आणि परत पाठव.

तुझी,
आक्का


शिरूर,
रविवार, ९ फेब्रुवारी १९७५

चि. बन्सी,
सप्रेम जयभीम.

हुतूतूचं प्रकरण काल परत आलं. मी प्रत्येक पान उजेडात धरून पाहिलं. एकही लाल खूण नाही. तुटला या शब्दापाशी पेन्सिल टेकल्याचा एक ठिपका आहे, पण खोडलेलं नाही. मी दिवसभर वर्गात गात होते. साहेबराव म्हणतात की मी गायला लागले की म्हशी दूध चोरतात, पण त्यांच्याकडे लक्ष द्यायचं नसतं.

आता खरं काम सांगते. मी शाळेत मुलींचा कबड्डीचा संघ केला आहे. यंदा म्हणे जगभर महिला वर्ष आहे. हेडमास्तरांच्या टेबलावर तसं परिपत्रक आल्याबरोबर मी त्यांना म्हटलं, सर, नुसतं भाषण ठेवलं तर मुली झोपतील, सामना ठेवू. ते फसले. ९ मार्चला, रविवारी सकाळी, शाळेच्या मैदानावर.

संघाचा सगळा जोर रंभावर आहे. काय पोरगी आहे ती! लहानपणापासून मेंढरांमागं धावून तिचे पाय असे झालेत की उभी कुठे होती आणि गेली कुठे ते कळत नाही. पण तिचे वडील दगडोबा अडून बसले होते. पोरगी वयात आली, लोकांपुढं मांड्या ठोकायच्या का, म्हणत होते. मी तीन वेळा कारेगावला गेले. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "खेळू द्या एक डाव. पर पंच पक्का पायजे, बाई. हितली टवाळ पोरं शिट्टी घेऊन हुबी ऱ्हायली आन्‌ पोरीवर दात काढाय लागली, तर म्या तिला मैदानातनंच घिऊन जाईन. पुन्हा साळंचं नाव न्हाई."

मी म्हटलं, आणते पक्का पंच. नाव विचारल्यावर तुझं सांगितलं. तुला न विचारता. दगडोबांनी कुठल्यातरी यात्रेत तुझा पंच म्हणून कडकपणा पाहिलाय, ते लगेच कबूल झाले.

तेव्हा असं आहे, बन्सी. तू आला नाहीस तर रंभाचा खेळ संपला आणि शाळाही. माझ्यासाठी येऊ नकोस. मी तुला ओळखही देणार नाही, वाटल्यास मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहीन. शिट्टी मात्र तुझी हवी.

तुझी,
आक्का


(पोस्टकार्ड)
शिरूर, ३ मार्च

चि. बन्सी, जयभीम. तुझं उत्तर नाही. समोरचा संघ ठरला, वरवंडच्या मुली. मी मुद्दाम केलेलं नाही, आईशपथ. सकाळी नऊला सामना. घाबरला असशील तर तसं कळव, म्हणजे मी दगडोबांना सांगेन की पंच घाबरला. —आक्का


शिरूर,
रविवार, १६ मार्च १९७५

चि. बन्सी,
सप्रेम जयभीम.

काल रात्रीपासून शाळेच्या बोळात फटाके वाजताहेत. क्वालालंपूरला आपण पाकिस्तानला हरवून हॉकीचा विश्वचषक आणला, हे तुला मी सांगायला नकोच. तुमच्या इन्स्टिट्यूटमध्ये रेडिओभोवती किती जण होते आणि ड्रायव्हर साहेब कुणाच्या खांद्यावर चढले ते मात्र तू मला सांग. चेंडू खांबाला लागून परत आला, आत गेलाच नाही, असं म्हणत त्यांचे गडी पंचाकडे धावले म्हणतात. पंच हलला नाही. मला एकदम तू आठवलास.

हॉकीच्या प्रकरणाला शेवट मिळाला. आता पुस्तकाचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं, ते लिहिलं. यातलं सगळं तुझ्या डोळ्यांदेखत झालेलं आहे, तरी तपासून पाहिजे.

"९ मार्चला सकाळी आठच्या यष्टीतून पंच उतरले. त्यांनी पांढरा शर्ट घातला होता, गळ्यात शिट्टी होती. ते कुणाशीही न बोलता मैदानावर गेले, चुन्याची मधली रेषा दोन ठिकाणी वाकडी होती, ती त्यांनी पुन्हा मारून घेतली. मग मुलींची नखं पाहिली. टवाळ पोरं हसायला लागली, तेव्हा ते त्यांच्यापुढं जाऊन नुसते उभे राहिले. पोरं गप झाली.

सामना शेवटपर्यंत तुल्यबळ होता. शेवटच्या मिनिटाला वरवंड एका गुणानं पुढे होतं. रंभा चढाईला गेली. तिनं एकदम दोघींना मारलं आणि परत वळली. सगळं शिरूर उभं राहिलं. कुणीतरी हलगी आणली होती, ती कडाडत होती. पंच रेषेच्या कडेनं तिच्याबरोबर वाकून चालत होते, कान तिच्या तोंडाशी. तिचा पाय रेषेवर पडला, लोकांनी टोप्या उडवल्या, आणि शिट्टी वाजली. पंचांनी हात वर केला. 'दम तुटला. बाद.'

मग काय गोंधळ झाला! दौंडचा माणूस वरवंडला फितूर झाला, इथपर्यंत लोक बोलले. हेडमास्तर घाबरून रेषेपाशी उभ्या असलेल्या बाईंकडे वळले. 'बाई, तुम्ही अगदी जवळ होतात. खरंच तुटला का?'"

बन्सी, इथे मी थोडी थांबले होते, प्रकरण लिहितानाही आणि मैदानावरही. तेच शब्द, तेच वरवंड, तीच हलगी. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. हात वर तसाच धरून तू रेषेकडे पाहत उभा राहिलास. रंभा माझ्याकडे पाहत होती. त्या नजरेत काय होतं ते मला चांगलं ठाऊक होतं, कारण ती नजर मी आधी एकदा पाहिलेली आहे.

"बाई म्हणाल्या, 'तुटला.'

लोक काही वेळ आरडाओरडा करत राहिले. गर्दीतून एक माणूस पुढे आला. तो रंभाचा बाप होता. सगळ्यांना वाटलं, आता हा पोरीला घेऊन जातो. तो पंचांपुढं थांबला, पागोटं नीट केलं आणि म्हणाला, 'पंच पक्का हाय. पोरगी खेळंल.'"

मग तू कडुनिंबाखाली रंभाजवळ जाऊन बसलास. गुडघ्यात डोकं घालून बसली होती ती. तू तिला म्हणालास, "म्या एक डाव असाच रुसलो व्हतो, तेरा वर्सं. लई येळ जातो त्यात. तू आपली सांजंपातूर रूस, पुरं व्हतंय." ती हसली आणि मग परत रडली. हे प्रकरणात घेतलं आहे. तुझं नाव घातलेलं नाही, पण दौंडात सगळ्यांना कळेल.

सोमवारी ती वर्गात माझ्याशी बोलली नाही. मंगळवारी विचारलं, "बाई, वरवंडला आपून कवा जायाचं?" तेव्हा तारीख ठरव.

घरापर्यंत चालताना तू जे बोललास, ते मात्र पुस्तकात नाही. ते मी इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या तू नाही म्हणायला नको. नदीच्या वाटेला लागल्यावर तू म्हणालास, "आक्का, तवाबी तुटलाच व्हता."

मी म्हटलं, माहीत आहे.

"मलाबी म्हाईत व्हतं. तू सांगितलंस त्याचा राग न्हवता मला. त्या गलक्यात कुणाला कळलं नसतं. तुला कळलं, त्याचा राग व्हता."

  तेरा वर्षं मी मनात किती भाषणं तयार करून ठेवली होती, आणि त्या घटकेला मला फक्त एवढं सुचलं की आज सकाळी मी शेंगदाण्याचे लाडू केलेत. मी तेच म्हटलं. तू म्हणालास, "म्हाईत हाय. तू करणार त्ये आईनं मंगळवारीच सांगितलंय."

दारात आई बसली होती. तिनं आधी तुला पाहिलं, मग मला, मग पुन्हा तुला. दोघं एकत्र आलेले पाहून ती काहीतरी मोठं बोलेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "कोन जिंकलं?" तू म्हणालास, "वरवंड." आई म्हणाली, "पुन्हांदा?"

प्रकाशकांना पानं पुढच्या आठवड्यात हवी आहेत. शेवटच्या पानावर मी मुलांसाठी असं लिहिलं आहे, "त्या दिवशी शिरूरच्या मुली हरल्या. सामना संपल्यावर पंच आणि बाई नदीच्या वाटेनं घरी गेले. ते दोघं सख्खे भाऊबहीण होते. वाटेत दोघांपैकी कुणाच्याही डोळ्यांत पाणी आलं नाही."

एवढी एकच चूक मुद्दाम ठेवली आहे. टपालानं दुरुस्त करून पाठवू नकोस. रविवारी मी घरीच असते. लाल पेन्सिल घेऊन ये.

तुझी,
आक्का